चार्ल्स स्टॅरेट : एकाच स्टुडिओत १३१ वेस्टर्न केले, तरी आज नाव कुणालाच का ठाऊक नाही?

रीळवेडा

नमस्कार मंडळी,

वेस्टर्न म्हटलं की आपल्याकडे गाडी जॉन वेनवरून निघते ती थेट क्लिंट ईस्टवुडवर जाऊन थांबते. जरा जास्त पाहिलेला असेल तर जीन ऑट्री किंवा रॉय रॉजर्स हे गाणारे काउबॉय आठवतात. चार्ल्स स्टॅरेट म्हटलं तर मात्र सगळे कोऱ्या चेहऱ्याने बघतात.

या माणसाने १९३५-३६ ते १९५२ या काळात कोलंबिया पिक्चर्ससाठी १३१ वेस्टर्न केले. सगळ्यांत नायक तोच आणि स्टुडिओही तोच. त्यातले १९४५ पासूनचे ६४ तर एकाच पात्राचे, 'ड्युरँगो किड'चे. काळे कपडे, नाकापर्यंत ओढलेला काळा रुमाल, पांढरा घोडा. अमेरिकेतल्या थिएटरवाल्यांच्या पसंतीवरून कमाईवाल्या काउबॉय नटांची जी यादी दरवर्षी निघायची, तिच्यात हा बहुतेक वर्षं पहिल्या दहात असायचा. पहिला मात्र एकदाही आला नाही.

आणि १९५२ साली, वयाच्या ४९व्या वर्षी, घोड्यावरून उतरला तो पुन्हा चढला नाही. नंतर सिनेमा नाही, टीव्ही नाही. १९८६च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात बोरेगो स्प्रिंग्ज इथे वारला, ८३वा वाढदिवस सहा दिवसांवर असताना.

ड्युरँगोचे चित्रपट मी गेली काही वर्षं मिळतील तसे बघतोय. प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आसपास, कथा जवळपास एकच. तरी मला त्यांचा कंटाळा येत नाही, आणि या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो. म्हणून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. इतकं काम करून हा माणूस विस्मरणात का गेला? आणि अशा कारकिर्दीला तुम्ही यशस्वी म्हणाल की नाही?

---

चकवा

पहिला! रुमाल टाकून ठेवतो. (काळाच आहे, नाकापर्यंत येतो.)

---

कोयनाकाठ

धागा आवडला. पण १३१ वेस्टर्न हे ऐकायला भारी वाटतं, प्रत्यक्षात तो एकच वेस्टर्न १३१ वेळा काढलाय असं म्हणायला हवं. मी दोन पाहिलेत. दोन्हींत नायकाचं नाव स्टीव्ह. दोन्हींत गावचा प्रतिष्ठित माणूसच खलनायक. दोन्हींत स्टीव्ह खडकामागे जातो आणि काळे कपडे घालून बाहेर येतो. उंची तीच, आवाज तोच, चालही तीच, पण गावात एकाही माणसाला शंका येत नाही. अशाने कोण लक्षात ठेवणार?

---

रीळवेडा

@कोयनाकाठ, स्टीव्हचं बरोबर आहे. आडनाव बदलतं, स्टीव्ह कायम. पण पोरांना तेच तर हवं होतं. खडकामागून तो कधी बाहेर येतो याचीच सगळं थिएटर वाट बघत असायचं. गावाला माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे, यात केवढा आनंद असतो!

---

टूलरूम

एक मिनिट. स्टॅरेट म्हणजे ते स्टॅरेट का? मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं मोजायचं उपकरण, बनवणारे?

---

रीळवेडा

तेच! कुणीतरी हे विचारावं म्हणून मुद्दाम लिहिलं नव्हतं. चार्ल्स हा लॅरॉय स्टॅरेट यांचा नातू. मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅथॉल गावी १८८० साली ज्यांनी कारखाना काढला ते. चार्ल्सचा जन्मही त्याच गावचा, २८ मार्च १९०३.

---

टूलरूम

हे वाचून खुर्चीतून उठलोच.

ज्यांचा कारखान्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. आयटीआयला फिटर ट्रेडला गेलेल्या प्रत्येक पोराच्या हातात पहिल्या काही महिन्यांतच कॉम्बिनेशन सेट येतो. स्टीलची पट्टी आणि तिच्यावर सरकणारं डोकं. त्याने ९० अंशही तपासता येतो आणि ४५ अंशही. डोकं पट्टीवर कुठेही सरकवायचं, नट आवळायचा, की ते तिथेच घट्ट. ही सरकत्या डोक्याची कल्पना लॅरॉय स्टॅरेट यांची. कारखानाच मुळी तिच्यावर उभा राहिला.

मी पिंपरीत टूलरूमला होतो. आमच्या वरिष्ठांकडे स्टॅरेटचा एक जुना मायक्रोमीटर होता, लाकडी डबीत, खाली तेलाचं फडकं. थिंबल, म्हणजे त्याची फिरवायची नळी, फिरवताना बोटाला जे जाणवायचं ना, ते शब्दांत सांगता येत नाही. एकसारखा, गुळगुळीत, कुठेही अडकणं नाही की ढिलेपणा नाही. तो हात लावायला मिळणं हीच आम्हा अप्रेंटिसांची बढती होती. आणि त्या घरचा नातू तोंडाला रुमाल बांधून घोडे दौडवत होता! आज जेवताना घरात सगळ्यांना सांगणार.

---

वाटसरू_बॉस्टन

@टूलरूम, फोटो टाकला असता पण गेल्या खेपेला घाईत होतो. अ‍ॅथॉल आमच्याकडून रूट दोनने पश्चिमेला. मिलर्स नदीच्या काठाला लागून कारखान्याच्या विटांच्या मोठ्या इमारती आहेत, कंपनी अजून त्याच गावात आहे. छोटं गिरणगाव म्हणतात तसं गाव. अशा गावात कारखानदाराच्या घरी जन्मलेला मुलगा वूस्टर अकादमीत शिकतो, मग डार्टमथ कॉलेजात जातो, फुटबॉल खेळतो, आणि सगळे धरून चालतात की परत येऊन धंद्यात बसणार.

डार्टमथमुळेच तो सिनेमात आला. १९२६ साली 'द क्वार्टरबॅक' नावाच्या चित्रपटासाठी खऱ्या खेळाडूंना गर्दीत घेतलं, त्यात हा होता. तिथे जी गोडी लागली ती लागलीच.

---

प्राजक्त

म्हणजे सुरुवातीपासून काउबॉय नव्हताच? घोड्यावर तरी बसायला येत होतं का?

---

रीळवेडा

@प्राजक्त, काउबॉयशी दुरूनही संबंध नव्हता. न्यू इंग्लंडचा, श्रीमंत घरचा, सहा फुटांवर उंच, देखणा. आधी रंगभूमी केली, मग पॅरामाउंटने घेतलं. १९३०च्या 'फास्ट अँड लूज'मध्ये तो मिरियम हॉपकिन्सबरोबर आहे आणि त्याच चित्रपटात कॅरोल लोंबार्डही आहे. ड्रॉइंगरूममधला तरुण प्रेमिक अशी त्याची जागा होती. १९३२ साली एमजीएमच्या 'द मास्क ऑफ फू मान्चू'मध्ये बोरिस कारलॉफ खलनायक, मिर्ना लॉय त्याची मुलगी, आणि त्यांच्या तावडीत सापडणारा गोरा नायक म्हणजे आपला स्टॅरेट.

---

तिरफळ

तो फू मान्चू मी पाहिलाय. सेट बघण्यासारखे आहेत आणि कारलॉफ तर काय विचारता. पण चिनी माणसांबद्दलचा त्यातला सूर इतका विखारी आहे की आज बघताना अंगावर काटा येतो. नायकाला त्यात काही कामच नाही. अर्धा वेळ तो बांधलेला, उरलेला अर्धा औषध टोचून गुंगीत. त्यात त्याला बघून कुणालाही वाटणार नाही की हा पुढे सतरा वर्षं नायक म्हणून टिकेल.

---

रीळवेडा

@तिरफळ, विखाराबद्दल पूर्ण सहमत. पण त्याच सुमाराची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९३३ साली हॉलिवूडमधल्या नटांनी स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड ही संघटना उभी केली, तिच्या संस्थापकांत कारलॉफ होता आणि स्टॅरेटही होता. तेव्हा स्टुडिओ नटांना वाटेल तितके तास राबवून घ्यायचे, आणि संघटनेत नाव घालणं म्हणजे काम जाण्याचा धोका पत्करणं. स्टॅरेट तेव्हा कुणी मोठा नट नव्हता. तरी त्याने नाव घातलं.

---

सातारी_बाणा

घरी मायक्रोमीटरचा कारखाना असला की धोका पत्करायला काय जातं?

---

टूलरूम

@सातारी_बाणा, असं नसतं हो. कारखानदाराचा नातू कामगारांच्या, आपलं, नटांच्या युनियनमध्ये जातो, हे घरी किती जणांना रुचलं असेल? पैसेवाल्या घरची पोरं सहसा दुसऱ्या बाजूला बसलेली असतात. मी युनियनमध्ये होतो, मला विचारा.

---

सातारी_बाणा

मुद्दा आहे. पण माझं म्हणणं कायम, पाठीशी घर असलं की पाय घट्ट राहतात. पुढे बोलू.

---

कोयनाकाठ

बरं, ड्रॉइंगरूममधून हा घोड्यावर कसा आला ते सांगा.

---

रीळवेडा

कोलंबियाचा वेस्टर्नचा नायक तेव्हा टिम मॅकॉय होता. तो गेल्यावर जागा रिकामी झाली. १९३५च्या 'गॅलंट डिफेंडर'पासून स्टॅरेट तिथे आला. त्या चित्रपटात गाण्यासाठी 'सन्स ऑफ द पायोनिअर्स' ही मंडळी होती आणि त्यांच्यात लेनर्ड स्लाय नावाचा एक पोरगा होता. हाच पुढे रॉय रॉजर्स! म्हणजे रॉय रॉजर्स स्टॅरेटच्या मागे उभा राहून गात होता, आणि आज जग रॉयला ओळखतं. १९३७ साली रॉय रिपब्लिक स्टुडिओत गेला, बाकीचे सन्स काही वर्षं स्टॅरेटबरोबर गात राहिले.

इथेच माझ्या पहिल्या प्रश्नाचं एक उत्तर दडलंय असं मला वाटतं. स्टॅरेट गात नव्हता. १९३५ नंतर काउबॉयने गायचं हा दंडकच झाला आणि गाणारे नट रेडिओवर, तबकड्यांवर, मेळाव्यांत, सगळीकडे पोचले. याच्या चित्रपटात गाणी दुसरे म्हणायचे, हा ऐकायचा.

---

दिवाकाका

बऱ्याच दिवसांनी असा धागा आला, म्हणून लिहितो.

'बी' पिक्चर म्हणजे टाकाऊ पिक्चर असं हल्ली समजतात. तसं नव्हतं. मंदीच्या काळात अमेरिकेत थिएटरवाले एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागले. पहिला मोठा, त्याच्या गल्ल्यात स्टुडिओचा टक्का. दुसरा छोटा, त्याचं भाडं ठरलेलं. थिएटर भरो की रिकामं राहो, तेवढेच पैसे. मग साधा हिशोब उरतो. येणारी रक्कम आधीच माहीत आहे, तर खर्च तिच्या आत बसवायचा. म्हणून आठ-दहा दिवसांत शूटिंग उरकायचं, तेच खडक, तीच घोडागाडी, तेच गाव. लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थला आयव्हर्सन रँच म्हणून जागा होती, तिथल्या खडकांत इतके वेस्टर्न निघाले की नेहमीच्या प्रेक्षकाला एकेक दगड ओळखीचा झाला असेल.

या हिशोबात नायकाकडून काय लागतं? वेळेवर येणं, संवाद पाठ असणं, आजारी न पडणं, घोड्यावर नीट बसणं आणि पगारावरून तंटा न करणं. हे सगळं वर्षानुवर्षं देणारा माणूस सापडला तर स्टुडिओ त्याला सोडेल कसा? कोलंबियात हॅरी कोनसारखा कडक मालक. 'इट हॅपन्ड वन नाइट'ला १९३४च्या चित्रपटांतली पाचही मोठी ऑस्कर याच कोलंबियाला मिळाली. पण दर महिन्याचं भाडं खात्रीने आणत होते ते स्टॅरेटसारखे लोक.

माझ्या मते ही यशस्वी कारकीर्द आहे. नि:संशय.

---

चकवा

दिवाकाका, दंडवत. वाचनखूण साठवली.

---

प्राजक्त

पण मग ड्युरँगो किड आला कुठून? लोन रेंजरची नक्कल ना सरळसरळ? मुखवटा, पांढरा घोडा...

---

तिरफळ

@प्राजक्त, लोन रेंजर आधीचा हे खरं. १९३३ पासून रेडिओवर, १९३८ला रिपब्लिक स्टुडिओची थिएटरात भागाभागाने दाखवलेली मालिका. ड्युरँगो पहिल्यांदा १९४०ला आला. पण जात वेगळी आहे. लोन रेंजर मुखवटा काढतच नाही, त्याला दुसरं आयुष्यच नाही. ड्युरँगो झोरोच्या घराण्यातला. दिवसा साधा, कायद्याने वागणारा स्टीव्ह. कायदा तोकडा पडला की काळे कपडे.

आणि हे आपल्याला नवं आहे का? मुंबईच्या वाडिया कंपनीचा 'हंटरवाली' हा चित्रपट १९३५चा! नादिया तोंडावर मुखवटा लावून, हातात चाबूक घेऊन घोड्यावरून गरिबांना सोडवायला जात होती. ड्युरँगोच्या पाच वर्षं आधी, मुंबईत. वाडियांच्या चित्रपटांत घोड्याचंही नाव झळकायचं, 'पंजाब का बेटा'. ड्युरँगोच्या घोड्याचं नाव रेडर.

---

चकवा

आणि त्यांच्या मोटारीचं नाव 'रोल्स रॉइस की बेटी'. गाडी ऑस्टिन होती. यापुढे माझ्या स्कूटरला 'मर्सिडीज की भाची' म्हणणार.

---

सातारी_बाणा

😂😂 भाची फार दूरची निघाली.

---

रीळवेडा

१९४०च्या ड्युरँगोची एक गंमत सांगतो. पात्र जमलं होतं, तरी कोलंबियाने ते पाच वर्षं कपाटात ठेवून दिलं! मधल्या काळात काय काय करून पाहिलं. १९४१ला त्याला घोड्यावरचा डॉक्टर केलं, 'द मेडिको ऑफ पेंटेड स्प्रिंग्ज' वगैरे तीन चित्रपट. ते चाललं नाही. मग रसेल हेडन जोडीला दिला. मग आर्थर हनिकट हा विनोदी साथीदार. शेवटी १९४५ला 'द रिटर्न ऑफ द ड्युरँगो किड' आला आणि पुढची सात-आठ वर्षं दुसरं काहीच नाही. १९४६ पासून स्माइली बर्नेट जोडीला आला, तोच जो आधी जीन ऑट्रीबरोबर होता. हा गडी गाणी लिहायचा, नाना वाद्यं वाजवायचा, आणि पोरं त्याच्या धांदरटपणावर जीव टाकायची.

---

कोयनाकाठ

पाच वर्षं थांबून मग त्याच गोष्टीवर ६४ चित्रपट! असं एकदम काय सापडलं त्यांना?

---

दिवाकाका

@कोयनाकाठ, मुखवटा सापडला. मला तर तो मुखवटा म्हणजे कोलंबियाच्या जमाखर्चातली सगळ्यांत हुशार नोंद वाटते.

नायकाचा चेहरा दिसत असेल तर मारामारी, उडी, घोडदौड या सगळ्यात डुप्लिकेट लपवावा लागतो. कॅमेरा लांब ठेवा, पाठमोरा घ्या, मधूनच नायकाचा चेहरा चिकटवा. त्यात वेळ जातो, वेळ म्हणजे पैसा. ड्युरँगोला नाकापर्यंत रुमाल आणि वर काळी टोपी. मग डुप्लिकेटला हवं तितक्या जवळून घ्या. आणि काळा पोशाख प्रत्येक चित्रपटात तोच, म्हणजे १९४६ साली काढलेली घोडदौड १९५१च्या चित्रपटात जोडली तरी धागा उसवत नाही. शेवटच्या वर्षांत त्यांनी हे इतकं केलं की काही चित्रपटांत नव्यापेक्षा जुनंच जास्त वाटतं.

---

रीळवेडा

आणि त्या रुमालामागे होता कोण? जॉक महोनी! कॉलेजात पोहणं, बास्केटबॉल गाजवलेला सहा फूट चार इंचांचा गडी. गच्चीच्या कठड्यावरून जे झेपावतो ते थेट घोड्याच्या पाठीवर. खोगिराला हात न लावता. मी एक प्रसंग पुन्हा पुन्हा मागे घेऊन पाहिलाय : दुमजली इमारतीचा सज्जा, खाली रेडर उभा, ड्युरँगो कठड्यावरून पाय टाकतो आणि अंग मुडपून सरळ खाली. बसतो तेव्हा घोड्याचे मागचे पाय किंचित वाकतात आणि त्याच क्षणी घोडा निघतो. तुकडा तोडलेला नाही, उडी आणि दौड एकाच फटक्यात. आज तारा लावून, संगणकावर तारा पुसून हे करतात. त्याने नुसतं अंगावर केलं.

पुढे स्टुडिओने त्याच महोनीला चेहऱ्यासकट भूमिका दिल्या. म्हणजे ज्याने वर्षानुवर्षं नायकाच्या वाटच्या उड्या मारल्या, तो त्याच मालिकेत पडद्यावर नावानिशी आला.

---

दिवाकाका

थांबा, थांबा! जॉक महोनी म्हणजे टारझनवाला?

---

रीळवेडा

होय काका, तोच. 'टारझन गोज टू इंडिया', १९६२.

---

दिवाकाका

अहो, तो मी पाहिलाय! पुण्यात, कॅम्पात, इंग्रजी चित्रपट लागायचे तिथे. टारझन भारतात आला म्हणून आम्ही सगळी पोरं गेलो होतो. फिरोज खान होता त्यात, आणि सिमी, अगदी कोवळी. धरणाचं पाणी येणार म्हणून हत्तींचा कळप वाचवायचा अशी कथा. आम्हाला फिरोज खान दिसला की शिट्ट्या. टारझन जरा पोक्त वाटला होता, ते आठवतं. पण विमानातून जी उडी घेतो त्याने सगळे गप्प बसलो होतो.

म्हणजे मी ड्युरँगो किडला पाहिलंय की! रुमालाशिवाय!

---

टूलरूम

मला मायक्रोमीटर, काकांना टारझन. या धाग्याने प्रत्येकाला काहीतरी दिलं.

---

वाटसरू_बॉस्टन

महोनी तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता, म्हणून काकांना पोक्त वाटला. पुढचा टारझन त्याने थायलंडमध्ये केला आणि तिथे आजारपणाने अक्षरशः वाळला. आधी टीव्हीवर 'रेंज रायडर' म्हणूनही गाजला होता, ती मालिका जीन ऑट्रीच्या कंपनीची.

दिग्दर्शकांचंही तसंच. शेवटच्या टप्प्यातले बरेच ड्युरँगो फ्रेड सिअर्सने केले. त्यानेच १९५६ला 'रॉक अराउंड द क्लॉक' केला आणि त्याच वर्षी उडत्या तबकड्यांचा तो प्रसिद्ध चित्रपटही. म्हणजे आजूबाजूचे सगळे पुढे कुठे ना कुठे गेले : रॉय रॉजर्स, महोनी, सिअर्स, बर्नेट. स्टॅरेटच तेवढा घरी गेला.

---

सातारी_बाणा

आता मी माझ्या मुद्द्यावर येतो. तो घरी जाऊ शकला, कारण जायला घर होतं.

आपले मास्टर भगवान घ्या. भगवान आबाजी पालव. 'अलबेला'च्या आधी त्यांनी कितीतरी वर्षं कमी पैशांचे स्टंटपट केले, तेही गिरणगावातल्या, कामगार वस्तीतल्या प्रेक्षकांसाठी. काम तेच स्टॅरेटचं. पोरंटोरं आणि कष्टकरी लोक खूश, पांढरपेशे नाक मुरडणार. १९५१ला 'अलबेला'ने सगळं मिळालं. जुहूला बंगला, मोटारी. मग पुढचे चित्रपट पडले, सगळं विकावं लागलं आणि मिळेल त्या चित्रपटात गर्दीत नाचायची वेळ आली. २००२ला दादरच्या चाळीत गेले.

आणि मास्टर विठ्ठल? मूकपटांच्या काळातला स्टंटपटांचा राजा, 'आलम आरा'चा नायक. बोलपट आले आणि हळूहळू छोट्या छोट्या भूमिकांवर आले.

स्टॅरेटचा मला राग नाही. पण '४९व्या वर्षी मानाने निवृत्त झाला' यातला मान किती आणि आजोबांचा कारखाना किती, हे विचारल्याशिवाय 'यशस्वी' शब्द वापरू नये.

---

प्राजक्त

+१. हा मुद्दा मनाला लागला. भगवानदादांची ती शेवटची मुलाखत बघवत नाही.

---

दिवाकाका

@सातारी_बाणा, तुमचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. भगवानदादा स्वतः निर्माते होते, स्वतःचा पैसा घालायचे. चित्रपट पडला की घर जायचं. स्टॅरेट पगारी नट होता, धोका स्टुडिओचा. म्हणून तो वाचला. केन मेनार्ड बघा : एके काळी स्टॅरेटपेक्षा कितीतरी मोठा काउबॉय, गडगंज पैसा, आणि शेवट एका ट्रेलरमध्ये, दारूच्या संगतीत. त्याने चित्रपटाबरोबर स्वतःची सर्कसही काढून पाहिली होती.

---

तिरफळ

याला आणखी एक बाजू आहे. १९५२लाच का थांबला? कारण ते दुकानच बंद होत आलं होतं. १९४८ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात स्टुडिओंना थिएटरं सोडायला लावली आणि मोठ्या चित्रपटाच्या गळ्यात छोटे बांधून विकणं संपलं. त्यात टीव्ही आला. विल्यम बॉइड या नटाने स्वतःच्या हॉपअलाँग कॅसिडी या काउबॉय पात्राच्या चित्रपटांचे हक्क विकत घेऊन टीव्हीवर आणले आणि १९५०च्या सुमाराला अमेरिकेतलं प्रत्येक पोरगं त्याचा चेहरा असलेला डबा घेऊन शाळेत जाऊ लागलं. घरी फुकट काउबॉय दिसत असताना शनिवारी थिएटरात कोण जाणार? १९५४ पर्यंत मालिकावाले बी-वेस्टर्न संपलेच.

रीळवेडा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. ऑट्री, रॉय, बॉइड हे तिघं टीव्हीवर गेले आणि पुढच्या पिढीच्या घरात शिरले. स्टॅरेट त्या दारातून आत गेलाच नाही.

---

कोयनाकाठ

आणि तोंडावर रुमाल! मुलांना ड्युरँगो आठवणार, त्यामागचा माणूस कसा आठवेल? शिवाय मुखवट्यात बऱ्याचदा महोनी. सगळ्यांत लोकप्रिय प्रसंगांत नायकच हजर नाही.

(काल रात्री तिसरा पाहिला. खलनायक पुन्हा प्रतिष्ठित माणूसच. पण बघत राहिलो, हे खरं.)

---

रीळवेडा

@कोयनाकाठ, बघत राहिलात ना? मग स्टॅरेटने नेमकं काय केलंय ते आता बघा. तो मुखवट्याशिवायचा स्टीव्ह फार शांत ठेवतो. आवाज चढवत नाही, टेबलावर मूठ आपटत नाही, खलनायक अपमान करतो तेव्हा नजर खाली घेऊन टोपीची कड नीट करतो. हे तो जितकं कमी करतो, तितका पुढचा ड्युरँगो मोठा होतो. लोक त्याला ठोकळा म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. अर्धं पात्र दुसऱ्याच्या उड्यांवर उभं आहे हे माहीत असताना उरलेलं अर्धं इतक्या संयमाने करणं सोपं नाही.

@सातारी_बाणा, घराचा आधार होता, हे मी नाकारत नाही. पण त्याच घराने त्याला सोळा-सतरा वर्षं उन्हातान्हात घोड्यावर बसवलं नव्हतं. तो कधीही सोडून परत जाऊ शकत होता. गेला नाही. दर वर्षी आठ-आठ चित्रपट, कुठलंही ऑस्कर येणार नाही हे पक्कं माहीत असताना. प्रेक्षक म्हणजे खेड्यातली, छोट्या गावातली पोरं. त्यांच्यासाठी त्याने कामात कुचराई केली नाही, हे प्रत्येक चित्रपटात दिसतं. मला ते पुरेसं आहे.

---

सातारी_बाणा

शेवटचं मान्य. 'सोडून जाऊ शकत होता आणि गेला नाही' हे मी असं पाहिलं नव्हतं. बाकी भगवानदादांवर कुणीतरी वेगळा धागा काढा, इथे अवांतर नको.

---

वाटसरू_बॉस्टन

भगवानदादांचा धागा तुम्हीच काढा, आम्ही येतो. आणि ड्युरँगोच्या नावाने कॉमिक्सही निघत होती बरं का, १९४९ ते १९५५, म्हणजे चित्रपट थांबल्यावरही तीनेक वर्षं. त्यात मागच्या पानांवरच्या एका कथामालेची चित्रं तरुण फ्रँक फ्रझेटाने, पुढे गाजलेल्या चित्रकाराने, काढली होती. संग्राहक आज ते अंक फ्रझेटासाठी घेतात.

---

टूलरूम

मला आता बघायचेच आहेत. इतक्यांतून सुरुवात कुठून करू? नातवंडंही आहेत घरात.

---

रीळवेडा

@टूलरूम, आधी १९४०चा पहिला 'द ड्युरँगो किड' बघा, त्यात स्टॅरेट तरुण आहे आणि सन्स ऑफ द पायोनिअर्सची गाणी आहेत. मग १९४५चा 'रिटर्न'. त्यानंतर स्माइली बर्नेट असलेला १९४६ ते १९४९ मधला कुठलाही लावा, नातवंडांना तोच आवडेल. सज्जे, जिने, कठडे दिसले की सावध राहा, महोनी येणार.

१९५२चा 'द किड फ्रॉम ब्रोकन गन' सगळ्यांत शेवटी बघा. त्यात जुन्या चित्रपटांचे तुकडे फार आहेत, म्हणून चित्रपट म्हणून कच्चाच. पण कथा अशी की महोनीवर खुनाचा खटला चालू आहे आणि त्याला सोडवायला स्टॅरेट धावतो. स्टॅरेटचा शेवटचा चित्रपट हाच.

---

टूलरूम

रविवारी लावतो. नातवाला आधी कॉम्बिनेशन सेट दाखवणार, मग घोडा.